शेतमालाची वाहतूक : पाटी नीट वाचा, नाहक दंड टाळा



पीक घरात आले म्हणजे हंगाम संपला असे आपण समजतो. प्रत्यक्षात माल बाजारात पोचून आडत्याची हिशेबपट्टी हातात पडेपर्यंत हंगाम संपलेला नसतो. पेरणीपासून काढणीपर्यंत आपण बियाणे, खत आणि औषध यांचा पैशापैशाचा हिशेब ठेवतो. मात्र शेवटच्या टप्प्यात, म्हणजे वाहतुकीत, एखादी पाटी न वाचल्याने किंवा चुकीची वाचल्याने वीस-पंचवीस हजारांचा दंड बसतो आणि एका खेपेची कमाई रस्त्यावरच संपते.

सिंदफणा नदीकाठच्या शिरूर कासार तालुक्यात हा प्रश्न अधिक जवळचा आहे. येथील कापूस, तूर, बाजरी, कांदा बाहेरच्या बाजारात जातो. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. अनेक घरांतील तरुण मालट्रक, टेम्पो किंवा पिकअप चालवितात. तालुका सोडून परक्या शहरात गेल्यावर तेथील बंदीच्या वेळा आणि वळणे माहीत नसतात. तेव्हा रस्त्यावरील पाटी हाच एकमेव सांगाती असतो. हा सांगातीच चुकीचा असेल तर काय करावे, हे या लेखात पाहू.

दंडाविषयीची नाराजी एकट्यादुकट्याची नाही. जुलै २०२५ च्या सुरुवातीस राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलनाच्या विरोधात चक्काजाम पुकारला होता. दंडाची सक्तीची वसुली थांबवावी, जुने दंड माफ करावेत, क्लीनर ठेवण्याची अट काढावी आणि शहरांतील प्रवेशबंदीच्या वेळांचा फेरविचार करावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मोठ्या मागण्यांचा निर्णय सरकारदरबारी होतो. आपल्या हातात जे आहे ते मात्र आपण आजच करू शकतो.

१) पाटीचा आकार आधी पाहावा

अक्षरे वाचता आली नाहीत तरी आकारावरून पाटीचा अर्थ निम्मा कळतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत पाट्यांचे तीन गट दिले आहेत.

गोल पाटी म्हणजे हुकूम. लाल कड्याची गोल पाटी ‘हे करू नका’ असे सांगते. निळ्या रंगाची गोल पाटी ‘हे केलेच पाहिजे’ असे सांगते, उदा. फक्त डावीकडे वळा. लाल कड्यात ट्रकचे चित्र व त्यावर तिरपी रेघ असेल तर मालट्रकला बंदी आहे. आकड्यासोबत टनाची खूण असेल तर ती एकूण वजनाची मर्यादा समजावी. त्यातच आस व चाकांचे चित्र असेल तर ती एका आसावरील भाराची मर्यादा असते. नुसता आकडा असेल तर ती वेगमर्यादा होय.

त्रिकोणी पाटी म्हणजे इशारा. पुढे वळण, घाट, अरुंद पूल, शाळा किंवा गतिरोधक आहे असे ती सांगते.

चौकोनी पाटी म्हणजे माहिती. गावांची नावे, अंतर, पेट्रोल पंप, दवाखाना इत्यादी.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. टोक खाली असलेला त्रिकोण ‘रस्ता द्या’ असे सांगतो, आणि अष्टकोनी लाल पाटी ‘थांबा’ असे सांगते. हे दोन्ही इशारे नसून हुकूमच आहेत. तसेच पांढऱ्या गोलावर काळी तिरपी पट्टी दिसली की मागची बंदी तेथे संपली असे समजावे.

हा फरक दंडाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. कलम ११९ नुसार वाहनचालकाने हुकमाच्या पाटीप्रमाणे वाहन चालविणे बंधनकारक आहे. इशाऱ्याची पाटी जिवाच्या रक्षणासाठी असते. ती न पाळल्यास दंडापेक्षा मोठी किंमत मोजावी लागते.

२) पाट्या कशा फसवितात?

पाटी मुद्दाम कोणी फसविण्यासाठी लावीत नाही. देखभालीअभावी ती फसवी होते. नेहमी आढळणारे प्रकार असे :

(अ) झाकलेली पाटी : पावसाळ्यात बाभळीच्या व लिंबाच्या फांद्या वाढून पाटी झाकली जाते. वाढदिवसाचे फलक आणि दुकानांच्या जाहिराती तिच्यापुढे लागतात. रात्री तर अशी पाटी नसल्यासारखीच असते.

(आ) जोडपट्टी नसलेली पाटी : बंदीच्या पाटीखाली एक छोटी पट्टी असते. बंदी कोणत्या वेळेत आहे आणि कोणत्या वाहनाला आहे, हे त्या पट्टीवर लिहिलेले असते. पट्टी गळून पडली किंवा अक्षरे पुसली की चालकाला अर्धाच हुकूम कळतो.

(इ) काम संपूनही राहिलेली पाटी : रस्त्याचे किंवा पुलाचे काम चालू असताना लावलेली वळणरस्त्याची पाटी काम झाल्यावरही महिनोन् महिने तशीच राहते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील अनेक रस्ते व पूल खराब झाले. अशा आपत्तीनंतर तात्पुरत्या पाट्यांची संख्या वाढते. कोणती पाटी चालू आणि कोणती जुनी हे ओळखणे मग कठीण होते. शंका असल्यास पाटी चालूच आहे असे समजावे. वजनाची मर्यादा लिहिलेल्या पुलावर तर मुळीच धाडस करू नये.

(ई) एका नावाची अनेक गावे : नुसते ‘शिरूर’ लिहिलेली पाटी परक्या चालकाला सहज चकविते. पुणे जिल्ह्यात पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर घोडनदीचे शिरूर आहे. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहे. आपले शिरूर कासार बीड जिल्ह्यात आहे. बिल्टीवर व फोनवर पत्ता देताना ‘शिरूर कासार, जिल्हा बीड’ असे पूर्णच सांगावे आणि कोणत्या मार्गाने यायचे तेही सांगावे. चुकलेला ट्रक शंभर-दीडशे किलोमीटरचे डिझेल जाळतो, आणि वळून येताना बंदीच्या रस्त्यात शिरून दंडही ओढवून घेतो.

(उ) बदललेली नावे व क्रमांक : औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव हे नाव २०२३ मध्ये झाले. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. काही पाट्यांवर व मैलाच्या दगडांवर जुनी नावे दिसतात. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांकही २०१० मध्ये बदलले. बीड-गेवराईवरून जाणारा सोलापूर-धुळे मार्ग पूर्वी २११ होता, तो आता ५२ आहे. कल्याण-निर्मल मार्ग पूर्वी २२२ होता, तो आता ६१ आहे. नव्या चालकास दोन्ही नावे व दोन्ही क्रमांक सांगून ठेवावेत.

(ऊ) अनेक आकड्यांची पाटी : मोठ्या मार्गांवर एकाच फलकावर मोटारीची व मालवाहनाची वेगमर्यादा वेगवेगळी लिहिलेली असते. चालकाची नजर मोठ्या आकड्यावर जाते आणि कॅमेऱ्यात वेग नोंदला जातो. आपल्या वाहनाच्या चित्रापुढचाच आकडा पाहावा.

३) कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो

चालकाने पाटी पाळावी असे कायदा सांगतो, तसेच पाटी कशी असावी हेही तोच कायदा सांगतो. ही दुसरी बाजू आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

कलम ११५ : एखाद्या रस्त्यावर ठराविक वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार राज्य शासनास व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यास आहे. अशी बंदी राजपत्रात प्रसिद्ध व्हावी लागते आणि योग्य ठिकाणी पाट्या लावाव्या लागतात. एक महिन्याहून कमी काळाच्या बंदीसाठी राजपत्राची गरज नसते. परंतु तिला स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते.

कलम ११६ : पाटीचा आकार, रंग व प्रकार अनुसूचीप्रमाणेच असला पाहिजे. पाटी झाकणारा किंवा पाटीसारखाच दिसून दिशाभूल करणारा फलक काढून टाकण्याचे अधिकार शासन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यास देऊ शकते. याच कलमानुसार कोणीही पाटी काढणे, बदलणे किंवा खराब करणे हा गुन्हा आहे. म्हणून चुकीची पाटी दिसली तरी ती स्वतः उपटू नये किंवा रंगवू नये. आपल्या ट्रॉलीचा धक्का लागून पाटी पडल्यास २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावे.

आता दंडाकडे पाहू. ज्या गुन्ह्याला स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही त्याला कलम १७७ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळी ५०० व पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. साधी पाटी मोडल्यास बहुधा हेच कलम लागते. परंतु कलम ११५ खालील बंदी मोडली तर कलम १९४ लागते आणि त्यात दंड २०,००० रुपये आहे. पाटी एकच, पण कोणते कलम लावले यावर दंड पाचशे की वीस हजार हे ठरते. म्हणूनच ट्रकबंदीच्या पाटीखालची वेळेची पट्टी वाचणे आणि चलनावरील कलम पाहणे या दोन गोष्टी कधीही टाळू नयेत. तडजोड शुल्काचे दर राज्य शासन ठरविते. महाराष्ट्रात ते डिसेंबर २०२१ मध्ये सुधारण्यात आले.

४) जादा वजन : हिशेब करून पाहा

सर्वांत मोठा दंड जादा वजनाला आहे. कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये. जादा माल उतरविण्याचा खर्चही आपल्याकडेच. तो माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. वजन करण्यास नकार दिल्यास दंड ४०,००० रुपये आहे.

उदाहरणादाखल, एका दोन आसांच्या ट्रकची एकूण मर्यादा नोंदणी पुस्तकात १८.५ टन आहे व रिकाम्या गाडीचे वजन ६.५ टन आहे असे धरू. तिच्यात १२ टन माल बसतो. आपण भाडे वाचविण्यासाठी १४ टन कांदा भरला.

जादा माल : २ टन, म्हणजे २० क्विंटल.
दंड : २०,००० + ४,००० = २४,००० रुपये.
वाचलेले भाडे (१५० रुपये क्विंटल धरल्यास) : ३,००० रुपये.
जादा कांद्याची किंमत (१,२०० रुपये क्विंटल धरल्यास) : २४,००० रुपये.

म्हणजे तीन हजार वाचविण्याच्या नादात वीस क्विंटल कांदा फुकट गेला. त्यात उन्हात पडून राहिलेल्या मालाची नासाडी वेगळी. दंड गाडीवाल्याचा, आपल्याला काय त्याचे, असे समजू नये. गाडी चालविणाऱ्याबरोबरच ती तशी चालवायला लावणाऱ्यासही कायद्याने जबाबदार धरले आहे. शिवाय गाडीवाला तो दंड पुढच्या भाड्यातून आपल्याकडूनच वसूल करतो.

जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने वजनमर्यादा वाढविली. दोन आसांच्या ट्रकची १६.२ वरून १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकची २५ वरून २८.५ टन झाली. परंतु आपल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकात जो आकडा आहे तोच धरावा.

माल भरताना पोती मोजून अंदाज करू नये. पावसाने भिजलेली पोती, ओलसर कापूस आणि मातीसह भरलेला कांदा यांचे वजन अंदाजापेक्षा जास्त भरते. निघताना भुईकाट्यावर वजन करून पावती जवळ ठेवावी. वाटेत वजनाबद्दल वाद झाला तर हीच पावती कामी येते.

५) ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाडी

शेतीचा ट्रॅक्टर हा कायद्याने मालवाहू वाहनांत मोडत नाही. परंतु भाड्याने माल किंवा ऊस वाहताना नोंदणी, विमा व परवान्याचे प्रश्न निर्माण होतात. कारखान्याशी करार करण्यापूर्वी विमा कंपनीकडून ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंचा विमा अशा कामाला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

ट्रॉलीबाहेर आलेल्या उसासाठी कलम १९४ मध्ये वेगळी तरतूद आहे. माल बाजूने, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीबाहेर गेल्यास २०,००० रुपये दंड आहे. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक आणि चालू दिवा असलाच पाहिजे. बैलगाडीलाही मागे परावर्तक पट्टी लावावी. रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून वाहन आदळून ऊसतोड कामगारांचे बळी जातात, ही बातमी दर हंगामात वाचावी लागते. चाळीस-पन्नास रुपयांच्या पट्टीने हे टळू शकते. भरलेल्या उसावर माणसे बसवू नयेत.

चालकाच्या परवान्याबाबत एक दिलासा आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहन चालवू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. पिकअप व लहान टेम्पो चालविणाऱ्या तरुणांना याचा उपयोग होईल. त्याहून जड वाहनास त्या वर्गाचाच परवाना लागतो.

६) चलन आले तर काय करावे?

१. गाडी थांबवावी, पळून जाऊ नये. शांतपणे बोलावे. कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी ग्राह्य धरली जातात.

२. कोणते कलम लावले ते विचारावे. पावतीशिवाय रोख रक्कम देऊ नये. मूळ कागद ताब्यात घेतल्यास पोच मागावी.

३. पाटी झाकलेली, पुसलेली किंवा चुकीच्या ठिकाणी असल्यास गाडी सुरक्षित जागी लावून तिचे छायाचित्र घ्यावे. एक जवळून आणि एक चालकाच्या जागेवरून जसे दिसते तसे. जवळचा किलोमीटरचा दगड, तारीख व वेळ टिपून ठेवावी. पाटी दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली तर पुरावा उरत नाही.

४. ई-चलन असल्यास त्यातील छायाचित्र उघडून पाहावे. गाडीचा क्रमांक आपलाच आहे का? एमएच २३ ऐवजी दुसरा जिल्हा वाचला गेला आहे का? त्या वेळी आपली गाडी तेथे होती का? भुईकाट्याची, टोलची किंवा बाजार समितीची पावती येथे उपयोगी पडते. कॅमेऱ्याने नियंत्रण होणाऱ्या ठिकाणी तशी सूचना देणारी पाटी असावी, असे केंद्राच्या २०२१ च्या नियमांत सांगितले आहे.

५. चूक आपली असेल तर मुदतीत दंड भरून मोकळे व्हावे. चलन साचू दिल्यास पुढे गाडीची कामे अडतात.

६. चूक आपली नसेल तर आधी भरून नंतर भांडू नये. तडजोड शुल्क भरले की प्रकरण तेथेच मिटते. चलनावरील मुदतीत वाहतूक पोलिसांकडे किंवा ई-चलनाच्या तक्रार विभागात पुराव्यासह लेखी हरकत घ्यावी. ती न मानल्यास न्यायालयात बाजू मांडता येते. जुनी चलने लोकअदालतीतही ठेवली जातात. याबाबत तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी.

पाटी झाकलेली होती एवढ्यावर दंड आपोआप रद्द होत नाही, हे ध्यानात असावे. निर्णय अधिकारी किंवा न्यायालय देते. मात्र पुराव्यासह मांडलेले म्हणणे आणि नुसती तोंडी तक्रार यांत मोठा फरक आहे.

७) गावाने काय करावे?

एका चालकाने दंड रद्द करून घेतला तरी पाटी तशीच राहते आणि दुसरा फसतो. हे काम गावाचे आहे. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा दूरध्वनी आहे. शहरातील रस्त्यांसाठी नगरपंचायतीकडे जावे. अर्जाचा नमुना पुढे दिला आहे.

“महोदय, ______ ते ______ रस्त्यावर किलोमीटर ____ येथे ____ बाजूस असलेली ______ ची पाटी झाडाने झाकली आहे / अक्षरे पुसली आहेत / काम संपूनही तशीच आहे. त्यामुळे मालवाहनांची दिशाभूल होऊन दंड व अपघात होण्याचा धोका आहे. छायाचित्र सोबत जोडले आहे. पाटी दुरुस्त करून केलेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती.”

अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीस व एक पोलीस ठाण्यास द्यावी. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी. ग्रामसभेचा ठराव जोडल्यास वजन वाढते. दिवाळीपूर्वी, ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी, गावातील चालकांनी एकत्र बसून आपल्या भागातील फसव्या पाट्यांची यादी करावी.

निघण्यापूर्वी एवढे पाहावे

• नोंदणी पुस्तक, विमा, परवाना व प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती.
• भुईकाट्याची पावती.
• बिल्टीवर जिल्ह्यासह पूर्ण पत्ता.
• क्रमांकाची पाटी चिखल पुसून स्वच्छ केलेली.
• मागचे दिवे व परावर्तक पट्टी.
• ज्या शहरात जायचे तेथील प्रवेशबंदीची वेळ. आडत्यास फोन करून विचारावी.

शेतात कीड दिसली की आपण आधी ती ओळखतो आणि मगच फवारणी करतो. रस्त्यावरही तोच नियम पाळावा. पाटी आधी ओळखावी, मग गाडी पुढे न्यावी. पाटीच बिघडलेली असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करावा. त्याने आपल्या मालाचे पैसे वाचतील, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याचेही.